मोबाईलवर चष्म्याचा नंबर काढणाऱ्या यंत्राची परीक्षा : शिबिरात वापरण्याआधी काय काय तपासावे

नेत्रतपासणी शिबिराला निघताना गाडीत सर्वांत आधी चढते ती ट्रायल सेटची पेटी. दोनशेहून अधिक भिंगे, ती बसवायची जड ट्रायल फ्रेम, डोळ्यात प्रकाश टाकून नंबराचा अंदाज घेण्याचा रेटिनोस्कोप आणि अक्षरांचा तक्ता एवढे सामान घेऊन डोंगरावरच्या वस्तीवर पोहोचावे लागते. ज्याला लोक 'कॉम्प्युटरवर नंबर काढणे' म्हणतात ते टेबलावरचे ऑटोरिफ्रॅक्टर यंत्र तर टेबल आणि खात्रीची वीज असल्याशिवाय वापरताच येत नाही. त्यामुळे खिशातल्या मोबाईलला एक छोटी जोडणी लावून नंबर काढता येईल, असे कोणी सांगितले की शिबिरे घेणाऱ्या प्रत्येक संस्थेचे कान टवकारतात, आणि ते योग्यही आहे. परंतु यंत्राच्या पडद्यावर नंबर दिसणे आणि तो नंबर बरोबर असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. यंत्र विकत घेण्यापूर्वी, किंवा दान म्हणून आलेले यंत्र शिबिरात काढण्यापूर्वी, त्याची प्रौढ व्यक्तींवर नीट परीक्षा कशी घ्यावी, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. ऑप्टोमेट्रिस्ट (चष्म्याचा नंबर काढण्याचे प्रशिक्षण घेतलेले तपासनीस), ग्रामीण रुग्णालयातील नेत्र चिकित्सा अधिकारी आणि स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते या तिघांना डोळ्यांसमोर ठेवून मी तो लिहीत आहे. मुलांचा विषय यात मुद्दाम घेतलेला नाही, कारण मुलांचा नंबर औषधाचे थेंब घालून काढणे बहुतेक वेळा आवश्यक असते आणि त्याची पद्धत वेगळी आहे.

यंत्र नेमके काय मोजते, हे आधी समजून घ्या

बाजारात 'मोबाईलवर डोळे तपासा' म्हणून जे काही मिळते ते सगळे एका जातीचे नसते. काही अॅप केवळ दृष्टी किती आहे, म्हणजे तक्त्यावरची कितवी ओळ वाचता येते, एवढेच सांगतात. केनियात तपासून पाहिलेले आणि २०१५ साली ज्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते 'पीक अॅक्युइटी' हे अॅप या प्रकारचे आहे. दृष्टी ६/१८ आहे हे कळल्याने चष्म्याचा नंबर कळत नाही, म्हणून अशा अॅपची परीक्षा वेगळी असते.

नंबर सांगणारी यंत्रे प्रामुख्याने दोन तत्त्वांवर चालतात. पहिल्या प्रकारात तपासून घेणारी व्यक्ती स्वतः काम करते. अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमध्ये २०१० साली तयार झालेले 'नेत्रा' हे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. ते बनवणाऱ्या गटाचे प्रमुख रमेश रासकर हे मूळचे नाशिकचे आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. यात मोबाईलच्या पडद्यावर दोन रेघा दिसतात आणि पडद्यासमोरच्या जोडणीतून त्या डोळ्याच्या बाहुलीच्या दोन वेगवेगळ्या भागांतून आत शिरतात. डोळा निर्दोष असेल तर त्या एकमेकींवर बसलेल्या दिसतात. दोष असेल तर वेगळ्या दिसतात, आणि मग बटण दाबून त्या जुळवाव्या लागतात. जुळवण्यासाठी रेघ पडद्यावर किती सरकवावी लागली, यावरून त्या कोनातील दोष काढला जातो. असे अनेक कोनांत केले की स्फेरिकल नंबर (सर्व दिशांना सारखा असलेला), सिलिंडर (एकाच दिशेचा जास्तीचा नंबर) आणि अॅक्सिस (त्या सिलिंडरचा कोन, म्हणजे अक्ष) ही तिन्ही मापे मिळतात.

दुसऱ्या प्रकारात यंत्र डोळ्यात प्रकाशाचा बारीक किरण सोडते आणि दृष्टिपटलावरून परत येणाऱ्या प्रकाशलहरीचा आकार मोजते. या शॅक-हार्टमन पद्धतीचे 'एसव्हीवन' हे उपकरण आयफोनला जोडून वापरले जात असे. यात रुग्णाने फक्त समोर स्थिर पाहायचे असते.

हा फरक सुरुवातीलाच लक्षात घ्यावा, कारण दोन्ही प्रकार वेगवेगळ्या ठिकाणी चुकतात. रेघा जुळवणाऱ्या यंत्राला रुग्णाची समज, हाताची स्थिरता आणि सूचना किती नीट सांगितल्या यांवर अवलंबून राहावे लागते. प्रकाश मोजणारे यंत्र बाहुली फार लहान असेल किंवा मोतीबिंदूमुळे भिंग गढूळ झाले असेल तर अडते. आपल्याकडचे यंत्र कोणत्या प्रकारचे आहे, यावरून परीक्षेत कोणत्या व्यक्ती मुद्दाम घ्यायच्या हे ठरते.

यंत्राकडून काय हवे आहे, ते कागदावर लिहा

परीक्षा सुरू करण्याआधी एक वाक्य लिहून ठेवावे : 'हे यंत्र आम्ही अमुक कामासाठी वापरणार आहोत.' ते काम तीनपैकी एक असते. कोणाला चष्म्याची गरज आहे आणि कोणाला नाही एवढीच निवड करायची असेल, तर थोडी चूक चालते. यंत्राचा नंबर घेऊन ऑप्टोमेट्रिस्ट पुढे भिंगे घालून तो पक्का करणार असेल, तर अर्ध्या डायऑप्टरची, म्हणजे अर्ध्या नंबराची, चूक तिथे सुधारली जाईल. पण यंत्राच्या नंबरावरून थेट चष्मा बनवून द्यायचा असेल, तर कसोटी सर्वांत कडक हवी.

किती चूक स्वीकारायची हा आकडाही त्याच कागदावर आधीच लिहावा. दोन अनुभवी तपासनिसांनी एकाच माणसाचा नंबर काढला तरी त्यांत पाव डायऑप्टरचा फरक नेहमी पडतो आणि क्वचित अर्ध्यापर्यंत जातो. तेव्हा यंत्राकडून याहून अधिक अचूकपणाची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल, आणि याच्या दुप्पट चूक गोड मानून घेणे रुग्णावर अन्याय ठरेल. आकडे हाती आल्यानंतर मर्यादा ठरवली तर मन आपोआप यंत्राच्या बाजूने झुकते. महागडे यंत्र आधीच घेतलेले असेल तर हा मोह अधिकच होतो.

माणसाआधी भिंगांवर चाचणी

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. वास्तविक अर्ध्या दिवसात आणि काहीही खर्च न करता तो पुरा होतो, म्हणून मी त्यावर थोडे अधिक लिहितो.

लांबचा नंबर जवळजवळ शून्य असलेल्या, साठीच्या आसपासच्या एका सहकाऱ्याला बसवावे. या वयात डोळ्याची जवळचे पाहण्यासाठी स्वतःला जुळवून घेण्याची ताकद फारच कमी उरलेली असते, त्यामुळे ती मापात लुडबूड करत नाही. आधी भिंगाशिवाय पाच वेळा माप घ्यावे. नंतर यंत्र आणि डोळा यांच्यामध्ये ट्रायल सेटमधले +१.०० चे भिंग धरून माप घ्यावे. डोळ्यासमोर प्लस भिंग आले की तो डोळा कृत्रिमरीत्या मायनस नंबरचा होतो, म्हणून यंत्राने साधारण −१.०० दाखवले पाहिजे. अशाच रीतीने +२.००, +३.०० आणि +४.०० ची भिंगे धरावीत. मग मायनस भिंगे घ्यावीत, त्यांना यंत्राने प्लस नंबर दाखवला पाहिजे. प्रत्येक भिंगाला पाच मापे घ्यावीत आणि ती सगळी आलेखाच्या कागदावर मांडावीत.

ठिपके सरळ रेषेत यायला हवेत आणि एक डायऑप्टर भिंग बदलले की माप एक डायऑप्टरने बदलायला हवे. भिंग डोळ्यापासून १२ मिलिमीटरवर असेल तर ४ नंबरच्या भिंगाला सुमारे ०.२० चा फरक त्या अंतरामुळेच पडतो, तेवढा सोडून द्यावा. शेवटी +२.०० चे सिलिंडर भिंग घेऊन त्याचा अक्ष ९०, ४५, १८० आणि १३५ अंशांवर फिरवावा. यंत्राने −२.०० चे सिलिंडर त्याच अक्षावर दाखवले पाहिजे.

या साध्या चाचणीने आमचे एक शिबिर वाचले आहे. रेघा जुळवण्याच्या प्रकारातले एक यंत्र आमच्याकडे होते. त्यातला फोन बिघडला म्हणून जोडणीत बसणारा दुसरा फोन कोणीतरी घातला होता. बिनभिंगाचे माप शून्य आले, +१.०० ला −०.९० आले, त्यामुळे सगळे ठीक वाटले. पण +४.०० ला मात्र −३.४० च्या आसपास माप येऊ लागले, आणि पाचही वेळा तसेच आले. कारण उघड होते : नव्या पडद्यावरचे ठिपके आधीच्या फोनपेक्षा वेगळ्या आकाराचे होते, आणि रेघ किती ठिपके सरकली यावरूनच यंत्र नंबर काढत होते. शून्याजवळ ही चूक दिसत नाही आणि नंबर वाढेल तशी ती वाढत जाते. केवळ तरुण, कमी नंबरच्या स्वयंसेवकांवर यंत्र तपासले असते तर ती कधीच सापडली नसती, आणि चार नंबरच्या माणसाला अर्ध्या नंबराने कमी चष्मा गेला असता.

म्हणून फोनचे मॉडेल, अॅपची आवृत्ती आणि जोडणीचा क्रमांक या तीन गोष्टी नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहाव्यात. पडद्याचा उजेड आपोआप कमी-जास्त होण्याची सोय, बॅटरी वाचवण्याची सोय आणि रात्रीचा पिवळसर पडदा या तिन्ही बंद कराव्यात. वैशाखातल्या शिबिरात पत्र्याच्या शेडखाली फोन तापतो आणि स्वतःहून पडदा मंद करतो, त्यामुळे उन्हाळ्यात फोन सावलीत ठेवणे हादेखील परीक्षेच्या शिस्तीचाच भाग आहे.

कोणाला घ्यावे, किती जणांना घ्यावे

यंत्र ज्यांच्यासाठी वापरायचे आहे त्यांच्यासारखीच माणसे परीक्षेत हवीत. नर्सिंग महाविद्यालयातल्या पन्नास विद्यार्थिनींवर यंत्र उत्तम चालले म्हणून ते ऊसतोड कामगारांवर चालेल असे नाही. १८ ते ३४, ३५ ते ४९ आणि ५० च्या पुढे असे तीन वयोगट करावेत आणि प्रत्येकात पुरेशी माणसे घ्यावीत. तरुणांत डोळा जवळच्या वस्तूसाठी सहज जुळवून घेतो. यंत्र डोळ्याला चिकटवले की 'काहीतरी जवळ आहे' या जाणिवेनेच तो आत ताणला जातो आणि नंबर खऱ्यापेक्षा जास्त मायनस येतो. पन्नाशीपुढे हा दोष जवळजवळ संपतो, पण मोतीबिंदू, लहान बाहुली आणि उन्हातान्हात काम करणाऱ्यांच्या डोळ्यांवर चढलेला वडस या नव्या अडचणी येतात.

नंबरांचाही पसारा हवा. शून्याच्या आसपासची माणसे गोळा करणे सोपे असते, परंतु −३.०० च्या पुढची, +२.०० च्या वरची आणि सिलिंडर १.५० हून अधिक असलेली माणसे शोधून आणावी लागतात. चष्म्याच्या दुकानातल्या जुन्या नोंदींवरून अशी माणसे सापडतात, अर्थात त्यांना संपर्क करण्याची परवानगी आधी घेतलेली असावी. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी त्या आधी काढून ठेवल्या पाहिजेत. ज्यांची रक्तातील साखर त्या आठवड्यात फार वर-खाली झाली आहे अशा मधुमेही व्यक्तींना पुढची तारीख द्यावी, कारण त्यांचा नंबर त्या काळात खरोखरच बदलत असतो.

संख्येविषयी थोडा हिशेब सांगतो. दोन पद्धतींमधल्या फरकाचे प्रमाण विचलन (फरक सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) ०.४० डायऑप्टर असेल, तर २५ जणांच्या परीक्षेत यंत्राची चूक कुठपर्यंत जाते याची मर्यादा (ती काढण्याची रीत पुढे 'हिशेब' या भागात आहे) दोन्ही बाजूंना सुमारे ०.२७ ने अनिश्चित राहते, आणि १०० जणांत ही अनिश्चितता ०.१४ पर्यंत खाली येते. पाव डायऑप्टरचा निर्णय घ्यायचा असताना मापाचीच अनिश्चितता पाव डायऑप्टर असेल तर त्या परीक्षेला अर्थ उरत नाही. म्हणून शंभर पूर्ण नोंदी हे किमान लक्ष्य ठेवावे.

येथे एक चूक फार सर्रास होते. पन्नास माणसांचे दोन्ही डोळे मोजून 'शंभर डोळे' असे लिहिले जाते. एकाच माणसाचे दोन डोळे सहसा सारखे असतात, त्यामुळे शंभर स्वतंत्र नोंदी मिळाल्या असे होत नाही. दोन्ही डोळे अवश्य तपासावेत, पण हिशेबात प्रत्येकाचा एकच डोळा घ्यावा आणि तो कोणता हे आधी ठरवावे.

ज्याच्याशी तुलना करायची ते माप

यंत्राची तुलना दुसऱ्या यंत्राशी करून भागत नाही. रेटिनोस्कोपने अंदाज घेऊन, नंतर रुग्णाला भिंगे बदलून 'हे चांगले की ते' असे विचारत पक्का केलेला नंबर हाच तुलनेचा आधार असावा. तो एकाच अनुभवी ऑप्टोमेट्रिस्टने, एकाच खोलीत, सहा मीटरवरच्या किंवा आरशाने तेवढ्या केलेल्या तक्त्यावर काढावा. सुरुवातीला प्लस भिंगाने दृष्टी धूसर करून मगच हळूहळू भिंग कमी करत जावे, म्हणजे डोळ्याचा आतला ताण मोकळा होतो. सिलिंडरची ताकद आणि अक्ष क्रॉस सिलिंडर या खास भिंगाने तपासावेत आणि शेवटी लाल-हिरव्या तक्त्यावर खात्री करावी. सर्वांत चांगली दृष्टी देणारे सर्वांत जास्त प्लस किंवा सर्वांत कमी मायनस भिंग स्वीकारायचे, हा नियम सगळ्यांसाठी एकसारखा पाळावा. रुग्णाचा जुना चष्मा या वेळी बाजूला ठेवावा, म्हणजे त्याचा आकडा तपासनिसाच्या डोक्यात राहत नाही.

दोन खोल्या, दोन माणसे

यंत्र वापरणारी व्यक्ती आणि भिंगांवर नंबर काढणारी व्यक्ती वेगळ्या असाव्यात, आणि एकाला दुसऱ्याचा आकडा कळता कामा नये. हे कितीही प्रामाणिक माणसांच्या बाबतीत पाळले पाहिजे, कारण −१.५० हा आकडा एकदा दिसला की −१.७५ आणि −१.५० यांत शंका असताना हात कोणत्या भिंगाकडे जाईल हे सांगायला नको. आधी कोणती खोली, हे बंद पाकिटातल्या चिठ्ठीने ठरवावे. सगळ्यांचे यंत्र आधी आणि भिंगे नंतर असा क्रम ठेवला तर थकवा आणि सराव यांचा परिणाम नेहमी एकाच पद्धतीवर पडतो.

यंत्र चालवणाऱ्याला किमान वीस माणसांवर सराव द्यावा आणि त्या वीस नोंदी परीक्षेत धरू नयेत. सूचना मराठीत लिहून काढाव्यात आणि प्रत्येकाला त्याच शब्दांत सांगाव्यात. 'दोन रेघा एकमेकींवर चढवा' हे पुष्कळांना कळत नाही. 'दोन्ही मिळून एकच रेघ दिसेपर्यंत बटण दाबा, आणि दूरच्या डोंगराकडे पाहताय असे समजून डोळा सैल सोडा' असे सांगितले की मापे जवळजवळ येतात.

प्रत्येक डोळ्याची तीन मापे घ्यावीत आणि दर वेळी यंत्र डोळ्यापासून काढून पुन्हा लावावे. यंत्र न हलवता घेतलेली तीन मापे सारखी येणारच, त्यातून फारसे काही शिकायला मिळत नाही. शिवाय वीस-पंचवीस जणांना आठवड्याने परत बोलावून दुसऱ्या माणसाकडून मापे घ्यावीत. मशीन तेच, डोळा तोच, फक्त हात बदलला तर नंबर किती बदलतो, हे आरोग्यसेविकेच्या हाती यंत्र देण्याआधी माहीत असणे फार गरजेचे आहे.

ज्या माणसाचे माप यंत्राला घेताच आले नाही त्याची नोंद कधीही खोडू नये. तीन प्रयत्नांनंतर 'माप नाही' असे लिहावे आणि कारणही लिहावे : बाहुली लहान, मोतीबिंदू, हात थरथरतो, सूचना समजली नाही. शंभरांपैकी पंधरा जणांवर यंत्र अडले आणि उरलेल्या पंच्याऐंशी जणांवर ते अचूक ठरले, तर ते पंधरा जणदेखील निष्कर्षाचाच भाग आहेत. बहुधा ते सर्वांत वयस्क असतात, आणि शिबिर खरे तर त्यांच्यासाठीच भरवलेले असते.

हिशेब

सिलिंडर असलेल्या नंबरांची वजाबाकी थेट करता येत नाही. एकाच डोळ्याचा नंबर (क्रमाने स्फेरिकल, सिलिंडर, अक्ष) +१.००/−२.००×१८० असाही लिहिता येतो आणि −१.००/+२.००×९० असाही. म्हणून सगळे नंबर आधी मायनस सिलिंडरमध्ये आणावेत. अक्षाची गंमत आणखी वेगळी. यंत्राने −१.००/−०.५०×५ सांगितले आणि भिंगांवर −१.००/−०.५०×१७५ आले, तर आकड्यांत १७० अंशांचा फरक दिसतो, पण अक्ष १८० अंशांनी पुन्हा तिथेच येत असल्यामुळे खरा फरक फक्त १० अंशांचा असतो. या दोन अक्षांची सरासरी काढली तर ९० येते, जी खऱ्या अक्षाशी चक्क काटकोनात आहे.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक नंबराचे तीन भागांत रूपांतर करणे. लॅरी थिबोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली मांडलेली ही पद्धत आता सर्वत्र वापरली जाते. पहिला भाग म्हणजे स्फेरिकल नंबर अधिक सिलिंडरचा निम्मा. दुसरा भाग म्हणजे सिलिंडरचा निम्मा, त्याचे चिन्ह उलटे करून, गुणिले दुप्पट अक्षाचा कोसाइन. तिसराही तसाच, फक्त कोसाइनऐवजी साइन. वरच्या उदाहरणात पहिले दोन भाग दोन्हीकडे सारखे येतात आणि तिसऱ्यात ०.०९ एवढाच फरक दिसतो, म्हणजे दोन्ही चष्मे व्यवहारात एकच. एक्सेलमध्ये हे करताना अंशांचे रेडियनमध्ये रूपांतर करायला विसरू नये, नाहीतर सगळी पत्रके निरर्थक आकड्यांनी भरतात आणि पहिल्या नजरेला ते लक्षातही येत नाही.

नंतर प्रत्येक भागासाठी यंत्राचे माप वजा भिंगांचे माप असा फरक काढावा. या फरकांची सरासरी यंत्राचा कल दाखवते. पण नुसती सरासरी फसवी असते, कारण निम्म्या लोकांना एक नंबर जास्त आणि निम्म्यांना एक नंबर कमी दिला तरी सरासरी शून्यच येईल. त्याचप्रमाणे दोन मापांतला सहसंबंध ०.९५ आहे असे कोणी अभिमानाने सांगितले तर त्यावरही विसंबू नये. −८ पासून +४ पर्यंतची माणसे घेतली की सहसंबंध मोठा येतोच, मग प्रत्येकाच्या मापात पाऊण नंबराची चूक का असेना. मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन यांनी १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवलेली रीत वापरावी : फरकांच्या सरासरीत १.९६ पट प्रमाण विचलन मिळवावे आणि वजा करावे. या दोन सीमांच्या आत शंभरांपैकी सुमारे ९५ जणांची चूक असते. सरासरी −०.२० आणि प्रमाण विचलन ०.४० असेल तर सीमा −०.९८ ते +०.५८ येतात. याचा सरळ अर्थ असा, की हे यंत्र एखाद्याला जवळजवळ एक नंबर जास्त मायनस देऊ शकते. आता सुरुवातीला लिहिलेला कागद काढून पाहावा.

कल एकसारखा असेल, म्हणजे सगळ्यांना −०.२० जास्त येत असेल, तर तो वजा करून यंत्र वापरता येते. तरुणांत −०.६० आणि वयस्कांत शून्य असे होत असेल तर वयोगटानुसार हिशेब वेगळा लागतो. फैलाव मोठा असेल तर मात्र कोणतीही दुरुस्ती उपयोगाची नाही.

मोठ्या नंबरांच्या बाबतीत आणखी एक तपशील पाहावा. काही यंत्रे नंबर डोळ्याच्या पृष्ठभागावरचा सांगतात आणि काही चष्म्याच्या जागेवरचा. १२ मिलिमीटरवर असलेला −८.०० चा चष्मा डोळ्याच्या पृष्ठभागावर −७.३० एवढाच भरतो. हे माहीत नसेल तर यंत्रावर विनाकारण पाऊण नंबराच्या चुकीचा ठपका येतो.

नंबर डोळ्यांवर चढवून पाहा

आकड्यांची परीक्षा संपली तरी मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा टप्पा अजून बाकी असतो. यंत्राचा नंबर एका ट्रायल फ्रेममध्ये आणि भिंगांवर काढलेला नंबर दुसऱ्या फ्रेममध्ये भरावा. फ्रेम भरणाऱ्या माणसाने त्यावर फक्त 'क' आणि 'ख' लिहावे. रुग्णालाही आणि प्रश्न विचारणाऱ्यालाही कोणती कोणाची हे माहीत नसावे. दोन्ही घालून तक्ता वाचून घ्यावा, पाच मिनिटे खोलीत आणि ओसरीवर फिरवावे, पायऱ्या उतरायला लावाव्यात, आणि मग कोणती आवडली ते विचारावे.

माण तालुक्यातल्या एका शिबिरात गोधड्या शिवणाऱ्या एका मावशींनी दोन्ही फ्रेममधून ६/६ ची ओळ वाचली. आमच्या कागदावर दोन्ही नंबर सारखेच यशस्वी ठरले असते. 'मावशी, जरा शाळेच्या पटांगणात एक फेरी मारून या,' असे मी म्हणालो. 'ख' घालून त्या चार पावले गेल्या, थबकल्या आणि भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. 'अक्षरं दिसत्यात, पर भुई वर आल्यागत वाटतीया,' असे त्या म्हणाल्या. पाकीट उघडले तेव्हा 'ख' मधला नंबर यंत्राचा निघाला. सिलिंडर अर्ध्या नंबराने जास्त आणि तोही तिरप्या अक्षावर होता. त्यांनी तो चष्मा दोन दिवस घालून ट्रंकेत ठेवून दिला असता, आणि आमच्या अहवालात मात्र 'एक चष्मा वाटला' अशी नोंद राहिली असती.

चाळिशी ओलांडलेल्यांत जवळचे काम वेगळे तपासावे लागते, कारण ही यंत्रे मुख्यतः लांबचा नंबर मोजतात. लांबच्या नंबरात किती प्लस मिळवायचे हे वयावर आणि कामाच्या अंतरावर ठरते. ४० सेंटिमीटरवर वाचणारा माणूस आणि ३३ सेंटिमीटरवर सुईत दोरा ओवणारी बाई यांची गरज एक नसते. म्हणून वर्तमानपत्राच्या कागदाबरोबर सुई-दोरा, तांदळाचे ताट आणि औषधाच्या पट्टीवरची बारीक छपाई जवळ ठेवावी. चष्म्याने कामात किती फरक पडतो याचा भक्कम पुरावा आपल्याच देशातला आहे. आसामच्या चहामळ्यांतील चाळिशीपुढच्या ७५१ कामगारांवर केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळचा चष्मा मिळालेल्यांची पानतोडणी चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. यंत्राची परीक्षा घेताना हातातले काम मोजले पाहिजे असे मी म्हणतो, ते यासाठी.

संमती, परवानगी आणि पुढे पाठवायची माणसे

ही परीक्षा संशोधन आहे. संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता घ्यावी, आणि समिती नसेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी बोलून त्यांच्यामार्फत काम करावे. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे त्यासाठी आधारभूत आहेत. संमतीपत्र सोप्या मराठीत असावे आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यांना ते साक्षीदारासमोर वाचून दाखवावे. १ एप्रिल २०२० पासून भारतात सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत, त्यामुळे विक्रेत्याकडून नोंदणी किंवा परवान्याचे कागद मागून घ्यावेत. रुग्णांची मापे फोनमधून कोणत्या सर्व्हरवर जातात, हेही लेखी विचारावे. नाव आणि मोबाईल क्रमांक अॅपमध्ये भरू नयेत, फक्त अनुक्रमांक भरावा.

यंत्र नंबर सांगते म्हणून डोळा निरोगी आहे असे होत नाही. दृष्टी कमी असेल तर पिनहोलमधून, म्हणजे टाचणीएवढ्या छिद्रातून, वाचून घ्यावे. पिनहोलने दृष्टी सुधारली तर बहुधा चष्म्याने सुधारेल, आणि सुधारली नाही तर ती व्यक्ती नेत्रतज्ज्ञाकडे गेलीच पाहिजे. अचानक दिसेनासे होणे, डोळ्यासमोर विजेसारखे चमकणे, लाल होऊन दुखणारा डोळा, ही लक्षणे असलेल्यांना परीक्षेत बसवून ठेवू नये, त्याच दिवशी पाठवावे. काचबिंदू यातल्या कोणत्याही नंबराच्या यंत्राला दिसत नाही, म्हणून चाळिशीपुढच्या प्रत्येकाला डोळ्याचा दाब आणि नस तपासून घेण्याचा सल्ला लेखी द्यावा. परीक्षेत भाग घेतलेल्या कोणालाही यंत्राच्या नंबराचा चष्मा देऊ नये. त्यांना भिंगांवर पक्का केलेलाच नंबर द्यावा.

यंत्र पास झाल्यानंतर

यंत्र पास होणे म्हणजे तो फोन, ती जोडणी आणि अॅपची ती आवृत्ती पास होणे. त्यामुळे अॅप आपोआप अद्ययावत होण्याची सोय बंद करावी. ते अद्ययावत करावेच लागले, फोन बदलला, किंवा जोडणी पडून दणका बसला, तर साठीच्या सहकाऱ्याला पुन्हा बसवून भिंगांची चाचणी घ्यावी आणि तो कागद तारखेसह वहीत चिकटवावा. प्रत्येक शिबिराच्या सकाळी पहिल्या रुग्णाआधी +२.०० आणि −२.०० अशी दोनच भिंगे धरून पाहिली तरी पुरे. माप पाव डायऑप्टरहून अधिक हलले तर त्या दिवशी यंत्र पेटीत ठेवावे आणि ट्रायल सेटवर काम करावे. चष्मे दिल्यानंतर महिन्याभराने प्रत्येक गावातल्या दहा जणांकडे जाऊन चष्मा नाकावर आहे की कपाटात, हे पाहावे आणि कपाटात असेल तर तो नंबर भिंगांवर पुन्हा काढावा. ही भेट आशाताईंवर सोपवता येते, पण पहिल्या दोन वेळा ज्याने नंबर काढला त्यानेच जावे.